फिरत्या व्यापाऱ्याची मुक्कामी गाडी

आठवडी बाजार आणि जत्रा करणाऱ्या कापड व्यापाऱ्याची गाडी ही नुसती माल वाहणारी गाडी नसते. तीच त्याचे गोदाम, तीच दुकान आणि पुष्कळ रात्री तीच त्याचे घर असते. शहरातील हौशी मंडळी आता सहलीसाठी अशी राहण्याची गाडी सजवून घेतात व तिला कॅम्पर व्हॅन म्हणतात. २०२१ साली महाराष्ट्र शासनाने कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरणही आणले. आम्ही संग्रामपूरकडचे व्यापारी मात्र हौसेने नव्हे, पोटासाठी गाडीत झोपत आलो. वरवट बकाल, सोनाळा, पातुर्डा करावे, सातपुडा ओलांडून बऱ्हाणपूरचा माल आणावा, होळीच्या सुमारास सैलानीच्या यात्रेत मुक्काम ठोकावा, असा हा धंदा आहे. या फिरतीत जे शिकलो ते नव्याने गाडी घेणाऱ्या तरुण व्यापारी बंधूंसमोर ठेवतो.

पहिली गोष्ट : पाणी

आपल्या भागाचा मोठा हिस्सा पूर्णा खोऱ्यातील खारपाण पट्ट्यात येतो. येथील विहिरीचे पाणी माणसाला जसे मानवत नाही, तसे इंजिनालाही मानवत नाही. खारे पाणी रेडिएटरमध्ये गेले की आतील बारीक नळ्यांत क्षार बसतात, लोखंड गंजते, पाणी खेळेनासे होते आणि इंजिन तापते.

आम्ही हा धडा पैसे मोजून घेतला. एका उन्हाळ्यात रेडिएटरचे पाणी कमी झाले म्हणून रस्त्याकडेच्या विहिरीचे पाणी ओतले, आणि पुढेही तेच करत राहिलो. शेवटी भर बाजाराच्या दिवशी गाडी उकळली, हेड गॅस्केट गेले आणि गाडी आठ दिवस कामाला लागली. दुरुस्तीचा खर्च होताच, पण बुडालेल्या चार बाजारांचा तोटा त्याहून मोठा होता. उधारीवर आणलेला माल तसाच पडून राहिला आणि तारखेला पैसे मागणारा व्यापारी दारात उभा राहिला.

म्हणून गाडीच्या पुस्तकात सांगितलेले कूलंटच वापरावे. ते पातळ करायचे असल्यास डिस्टिल्ड पाणीच घ्यावे. बॅटरीतही तेच घालावे, विहिरीचे कधीही नाही. इंजिन गरम असताना रेडिएटरचे झाकण उघडू नये, उकळत्या पाण्याने तोंड भाजते. पिण्याचे व धुण्याचे पाणी घरून निघतानाच झाकणाच्या कॅनमध्ये भरून घ्यावे. दोन माणसांना एका मुक्कामाला वीस लिटर पुरते.

वजनाचा हिशेब

एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. पाणी, बिछाना, शेगडी, बॅटरी, तंबूचे बांबू आणि दोन माणसे हे सारे मालाच्या वजनात धरावे लागते. आर.सी. पुस्तकात लिहिलेल्या एकूण वजनापेक्षा जास्त भरले तर आधी पाटे बसतात, मग टायर जातात आणि ब्रेकही उशिरा लागतो. जड गाठी खाली आणि दोन्ही चाकांच्या मधल्या भागात ठेवाव्यात. टपावर फक्त हलके सामान असावे, नाहीतर घाटाच्या वळणावर गाडी डोलते.

टायरमधील हवा सकाळी, टायर थंड असताना तपासावी. टायरवर चार आकडी तारीख असते. २३१९ असे असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. नक्षी चांगली दिसली तरी रबर जुने होते व त्याला चिरा पडतात. पावसाळ्यात काळ्या जमिनीवर गाडी लावू नये. रात्री एक सर आली तरी सकाळी चाके रुतलेली सापडतात. मुरमाची जागा शोधावी व दोन मजबूत फळ्या सोबत ठेवाव्यात.

उष्णता आणि हवा

मे महिन्यात पत्र्याची गाडी भट्टी होते. टपाला पांढरा रंग द्यावा आणि आतून उष्णतारोधक थर बसवावा. हवा आत येण्यासाठी खाली एक जाळीची खिडकी व बाहेर जाण्यासाठी वर एक झरोका ठेवावा. एकाच खिडकीने हवा खेळत नाही. टपाचे सांधे मृगाच्या आधीच तपासावेत, कारण एका रात्रीच्या गळतीने साड्यांच्या घडीवर पडलेला डाग धुऊन जात नाही.

वीज

रात्री पंखा व दिवे चालू बॅटरीवर लावले तर सकाळी गाडी सुरू होत नाही. मुक्कामासाठी दुसरी बॅटरी वेगळी असावी. हिशेब सोपा आहे : २० वॅटचा पंखा आठ तास म्हणजे १६०, पाच वॅटचे दोन दिवे पाच तास म्हणजे ५०, मोबाइलला २०, एकूण २३० वॅट-तास. बारा व्होल्टची १०० अँपिअर-तासाची बॅटरी १२०० वॅट-तासांची असते. साधी शिशाची बॅटरी निम्म्याहून खाली उतरवू नये. म्हणजे हाती ६०० राहतात व दोन रात्री निघतात. टपावर सौर पट्टी बसवली तर दिवसा भर पडते. प्रत्येक वायरीला बॅटरीजवळच फ्यूज असावा आणि वायर नळीतूनच न्यावी, कारण आपल्या गाडीत कापड भरलेले असते.

आग आणि धूर

गाडीच्या आत स्वयंपाक करू नये. गॅस हवेपेक्षा जड असतो. गळाला तर वर न जाता खाली तळाशी, म्हणजे आपल्या बिछान्याशी साचतो. थंडीत कोळशाची शेगडी आत घेऊन झोपणे त्याहून घातक आहे. तिच्या विषारी वायूला वास नसतो, झोपलेल्या माणसाला जाग येत नाही. इंजिन चालू ठेवून बंद गाडीत झोपण्याचा धोकाही तोच. आग विझवण्याचे नळकांडे दारापाशी, हाताला लागेल असे ठेवावे.

कागदपत्रे

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीत लिहिलेल्या तपशिलात बदल होईल असा फेरफार परस्पर करता येत नाही. पलंग, खिडक्या, टपाची उंची याबाबत गॅरेजवाल्याला विचारून भागत नाही. आधी बुलडाण्याच्या परिवहन कार्यालयात, म्हणजे आपल्या एमएच-२८ मध्ये विचारावे. तसे न केल्यास अपघाताच्या वेळी विमा कंपनी हाच मुद्दा पुढे करू शकते. मालगाडीच्या मागच्या भागात गाठींवर माणसे बसवून नेणे तर पूर्णपणे टाळावे.

पुष्कळ बंधू गाडीत गादी, पडदे आणि गाण्याच्या पेटीवर आधी खर्च करतात व कूलंट, टायर, फ्यूज यांना पुढच्या महिन्यावर ढकलतात. आमच्या मते हा क्रम उलटा असावा. बाजाराच्या आदल्या रात्री पाणी, हवा, वीज आणि कागद या चार गोष्टी पाहून घेतल्या तर मुक्काम सुखाचा होतो आणि सकाळी दुकान वेळेवर लागते. दुकान वेळेवर लागले तरच उधारी फिटते.