कुंचल्याचा जमाखर्च : लेखांक सातवा

मागील लेखांकात आपण चित्तप्रसादांची बंगालमधील १९४३ च्या दुष्काळाची रेखाटने पाहिली. ज्यांच्या पुस्तकाच्या प्रती इंग्रज सरकारने जप्त करून नष्ट केल्या, त्या रेखाटनांतील आकांत प्रथमदर्शनीच अंगावर येतो. परंतु टंचाईचा दुसरा एक प्रकार असा आहे की, त्यात कोणी रस्त्यावर मरून पडत नाही, सरकारदप्तरी त्याची नोंद होत नाही, आणि तरीही महिनाअखेरीस वाण्याची उधारी चुकती करताना तो घरोघर जाणवतो. सोनिवलीतून पहाटे निघून बदलापूर स्थानक गाठणाऱ्या आणि तेथून सुमारे ६८ किलोमीटरांवरील बोरीबंदरापर्यंत रोजगारासाठी उभ्याने जाणाऱ्या मनुष्याला हा प्रकार समजावून सांगावा लागत नाही. त्याचे चित्र कसे काढावे, हा प्रश्न मात्र बिकट आहे.

या प्रश्नाचे उत्तर याच रेल्वेमार्गावर, ठाण्यात राहून, सुधीर पटवर्धन यांनी शोधले. १९४९ साली पुण्यात जन्मलेले पटवर्धन १९७५ पासून तीस वर्षे ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ होते. चरितार्थाची सोय वैद्यकाने केल्यामुळे गिऱ्हाइकाच्या दिवाणखान्याला शोभेल असेच चित्र काढण्याची सक्ती त्यांच्यावर नव्हती. आणि दिवसभर हाडांच्या छाया न्याहाळणाऱ्या दृष्टीला शरीराची ठेवण हाच कष्टांचा सर्वांत विश्वसनीय दाखला वाटावा, हे स्वाभाविकच होते. ‘इराणी रेस्टॉरंट’ (१९७७), ‘ट्रेन’ (१९८०) या त्यांच्या प्रारंभीच्या चित्रांत दारिद्र्याची जाहिरात नाही. सामान्य माणूस तेथे भरीव, वजनदार आकृती होऊन बसतो. पूर्वी राजेरजवाड्यांच्या तसबिरींत धन्याला जेवढी जागा मिळे, तेवढी त्याला मिळते.

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. पुढे गिरण्यांची धुरांडी थंडावली आणि कापडापेक्षा त्यांच्या जमिनीला अधिक मोल आले. पटवर्धनांच्या ‘लोअर परळ’ (२००१) या चित्रात तो बदलणारा मुलूखच विषय झाला. त्यांच्या उत्तरकाळातील अशा विस्तीर्ण शहरचित्रांत माणूस नाहीसा होत नाही. पण पूर्वी जो चित्र व्यापून असे, तो आता इमारती, पूल आणि रस्ते यांच्या पसाऱ्यात शोधावा लागतो. मंदीचा आणि बेकारीचा जमाखर्च आकड्यांत मांडता येतो. चित्रकाराने तो माणसाच्या वाट्याला आलेल्या जागेने मांडला.

हे माप एकदा हाती आले की ते अन्यत्रही लावून पाहावे. आपल्या बदलापुरात गृहसंकुलांचे रंगीत फलक लागतात. त्यांवर इमला मोठा, आकाश निरभ्र आणि कर्जाचे हप्ते भरण्यासाठी पहाटेची गाडी पकडणारा मात्र कोठेही नाही. तेही आपल्या काळाचेच चित्र आहे.

पुढील लेखांकात, १९६६-६७ च्या अवर्षणात बिहारमधील मिथिलेच्या भिंतींवरील चित्रे कागदावर कशी उतरली आणि त्या कामी भास्कर कुलकर्णी या मराठी कलावंताचा हात कसा लागला, ते पाहू.