प्रमाण बदलले, पेटंट मिळेल का?

लाइन बाजारचा धारवाड पेढा आपल्यापैकी कोणी खाल्ला नाही? उत्तर प्रदेशातील उन्नावहून आलेल्या ठाकूर घराण्याने तो येथे सुरू केला. खवा तपकिरी होईपर्यंत भाजायचा, वरून साखर लावायची, एवढे सर्वांना ठाऊक. नेमके प्रमाण मात्र घराण्यातच राहिले. अशा प्रमाणाचे पेटंट घेता येईल का?

१९७० च्या पेटंट कायद्याचे कलम ३ (ई) म्हणते की, मिश्रणात घटकांच्या गुणांची नुसती बेरीज होत असेल तर तो शोध नव्हे. साखर वाढवली, पेढा गोड झाला. यात नवल ते काय! १ जानेवारी २००५ पूर्वी तर खाद्यपदार्थाचे पेटंट आपल्याकडे मिळतच नसे, फक्त करण्याच्या पद्धतीचे मिळे. आता पदार्थाचेही मिळते, पण बेरजेपलीकडे काही साधले हे दाखवावे लागते.

कारखानदार म्हणतात, आम्ही शेकडो प्रयोग केले, पैसा ओतला. खरे आहे. पण चव जमेपर्यंत प्रमाण बदलत राहणे हे प्रत्येक सुगरण करते. त्यावर वीस वर्षांची मक्तेदारी दिली, तर घरी शेंगा चटणी करून विकणाऱ्या आपल्याच माता-भगिनींना उद्या नोटीस येईल आणि वकील लावण्याची त्यांची ऐपत नसेल. म्हणून केवळ श्रमाला पेटंट नको, असे आम्हांस वाटते.

प्रमाणातही खरा शोध असू शकतो. म्हशीच्या दुधात स्निग्धांश व प्रथिने जास्त, तान्ह्या बाळाला ते पचत नाही. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने त्यापासून बालआहार करण्याची पद्धत शोधली आणि अमूलने तो बाजारात आणला. अशा कामाला संरक्षण मिळाले तर आमची हरकत नाही.

पेढ्याला मिळाले आहे ते भौगोलिक मानांकन. त्यात कृती नव्हे, नाव राखले जाते. पुण्यात कोणी तसाच पेढा केला तर चालेल, ‘धारवाड पेढा’ म्हणून विकता येणार नाही.

जुने ज्ञानही आपोआप सुरक्षित राहत नाही. हळदीने जखम भरते यावर १९९५ साली अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला पेटंट मिळाले होते. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले आणि १९९७ मध्ये ते रद्द झाले. तेथे उपयोगी पडला तो छापील पुरावा. आजीच्या चटणीची कृती या अंकात तारखेसह छापली, तर तीही असा पुरावा ठरू शकते. कृती वर्गशिक्षकांकडे द्यावी. प्रमाण मात्र ‘अंदाजे’ लिहू नये!