दमणगंगेचे पाणी आणि ग्रामसभेचा शब्द

१ फेब्रुवारी २०२२ रोजी संसदेत अर्थसंकल्प मांडताना केंद्रीय अर्थमंत्र्यांनी देशातील पाच नदीजोड योजनांचे आराखडे सिद्ध झाल्याचे जाहीर केले. त्यांपैकी दोन, दमणगंगा-पिंजाळ आणि पार-तापी-नर्मदा, या महाराष्ट्र व गुजरात यांच्या सीमेवरील एकाच डोंगराळ आदिवासी मुलुखातल्या आहेत. त्या दिवसापासून वारली, कोकणा, धोडिया अशा जमातींच्या लोकांनी जो विरोध उभा केला, त्याला 'विकासाला खीळ' असे नाव देऊन मोकळे होणे सोपे आहे. पण सोपे असते ते न्याय्य असतेच असे नाही.

या योजनांचे स्वरूप प्रथम पाहिले पाहिजे. पार, औरंगा, अंबिका व पूर्णा या नद्यांवर धरणे बांधून त्यांचे पाणी सुमारे चारशे किलोमीटरच्या कालव्याने नर्मदेच्या कालव्यांकडे नेण्याची पहिली योजना आहे. तिचा खर्च १०,२११ कोटी रुपये धरला गेला. जलविकास अभिकरणाच्याच अहवालाप्रमाणे तिच्यामुळे ६१ गावांना झळ लागणार, सुमारे ६,०६५ हेक्टर जमीन पाण्याखाली जाणार आणि २,५०९ कुटुंबे बाधित होणार. दुसरी योजना दमणगंगेवर भूगड येथे आणि वाघ नदीवर खारगीहिल येथे धरणे बांधून बोगद्यांवाटे पिंजाळच्या जलाशयात आणि तेथून मुंबईला पाणी पोहोचविण्याची आहे. भूगड हे मधुबन धरणाच्या वरच्या अंगाला आहे. म्हणजे हे पाणी मधुबनला पोहोचण्यापूर्वीच वळविले जाणार. साहजिकच गलोंडा, रांधा, दुधनी अशा खेड्यांनी वसलेल्या दादरा नगर हवेलीचाही या प्रश्नाशी निकटचा संबंध येतो.

मधुबनचा अनुभव या लोकांच्या गाठीशी आहे. दमणगंगेवरील ही योजना गुजरात, दादरा नगर हवेली आणि त्या वेळचा गोवा, दमण व दीव हा संघप्रदेश यांनी मिळून हाती घेतली. गोमंतकीय वाचकांनी हे ध्यानी ठेवावे, की त्या धरणाच्या जमाखर्चात आपलेही नाव आहे. त्या पाण्यावर शेते भिजली, वापी व सिल्वासा येथील कारखाने चालले, शहरांची तहान भागली. हे लाभ कोणी नाकारीत नाही. परंतु ज्यांची भातशेते, देवस्थाने आणि घरे पाण्याखाली गेली, त्यांच्या वाट्याला काय आले? आज दुधनीच्या जलाशयात प्रवासी नौकाविहार करतात आणि देखाव्याची वाखाणणी करतात. तळाशी कोणाचे शेत आहे हे विचारण्याचे त्यांना कारण नसते. शासनाला मात्र ते असायला हवे.

हीच गोष्ट दुसऱ्या बाजूने शहापूर तालुक्यात दिसते. मुंबईला पाणी पुरविणारे तलाव ज्यांच्या अंगणात आहेत, त्या पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. जव्हार-मोखाड्यात पावसाळ्यात पाऊस धो धो कोसळतो आणि चैत्र-वैशाखात हंडाभर पाण्यासाठी बायाबापड्या डोंगर उतरतात. 'धरण उशाशी आणि कोरड घशाशी' ही येथे म्हण राहिलेली नाही, ती दिनचर्या झाली आहे. अशा लोकांना 'तुमचे पाणी समुद्राला वाया जाते, ते आम्ही नेतो' असे सांगणे म्हणजे जखमेवर मीठ चोळणे होय.

मुंबईची वाढती तहान खरी आहे, सौराष्ट्र-कच्छची तृषाही खरी आहे, हे आम्ही जाणतो. परंतु 'अतिरिक्त पाणी' हा शब्द कोणी ठरवायचा? खोऱ्यातील पाड्यापाड्याला बारमाही पिण्याचे पाणी आणि एका पिकापुरते तरी सिंचन मिळाल्यानंतर जे उरेल ते अतिरिक्त. तत्पूर्वीचा हिशेब म्हणजे घरची पोरे उपाशी ठेवून शेजाऱ्याला जेवण घालण्यासारखे आहे. शिवाय छोटे बंधारे, विहिरींचे पुनर्भरण, गळक्या जलवाहिन्यांची दुरुस्ती आणि सांडपाण्याचा पुनर्वापर या स्वस्त उपायांचा शेवटपर्यंत कस पाहिल्याखेरीज हजारो कोटींच्या योजनेकडे धाव घेणे शहाणपणाचे नव्हे.

लोकशक्तीचा प्रभाव काय असतो हे २०२२ मध्येच दिसले. धरमपूर, वांसदा, डांग भागांत मोर्चे निघाले, वांसद्याचे आमदार अनंत पटेल यांनी पुढाकार घेतला, आणि मे महिन्यात मुख्यमंत्री भूपेंद्र पटेल यांना पार-तापी-नर्मदा योजना रद्द केल्याचे सांगावे लागले. तरीही २०२५ च्या ऑगस्टमध्ये लोक पुन्हा रस्त्यावर उतरले आणि तीच ग्वाही पुन्हा दिली गेली. ज्या शब्दाची पुनरुक्ती करावी लागते, त्या शब्दावर लोकांचा विश्वास बसलेला नाही हे उघड आहे. दमणगंगा-पिंजाळबाबत तर असा शब्दही नाही.

कायदा याबाबत मुका नाही. अनुसूचित क्षेत्रांत प्रकल्पासाठी जमीन घेण्यापूर्वी ग्रामसभेशी विचारविनिमय करण्याचे बंधन १९९६ च्या कायद्याने घातले, आणि २०१३ च्या भूसंपादन कायद्याने संमतीची अट घातली. पण दादरा नगर हवेली अनुसूचित क्षेत्रात मोडत नाही. २०११ च्या जनगणनेप्रमाणे तेथील निम्म्याहून अधिक लोक आदिवासी असूनही हे संरक्षण त्यांना लाभत नाही. २ ऑगस्ट १९५४ रोजी परकी सत्तेपासून मुक्त झालेल्या या भूमीला आपल्याच राज्यात ही उणीव सोसावी लागावी, हे खेदकारक आहे.

गोमंतकाला हा प्रश्न परका वाटू नये. साळावली धरणाच्या पोटात गेलेले कुर्डी गाव दरसाल उन्हाळ्यात पाण्याबाहेर डोके काढते आणि विस्थापित मंडळी आपल्या दैवतांच्या भेटीला जातात. म्हादईचे पाणी खोऱ्याबाहेर वळविण्यास आपण ज्या तत्त्वाने विरोध करतो, तेच तत्त्व दमणगंगेच्या काठचा वारली मांडतो आहे. आपल्यासाठी एक माप आणि त्याच्यासाठी दुसरे, हे न्यायाला धरून नाही. धरणग्रस्तांचा लढा या भूमीत १९२१ पासून चालत आला आहे. त्या वर्षी सेनापती बापटांसारखे देशभक्त मुळशीच्या शेतकऱ्यांच्या पाठीशी उभे राहिले. त्यांना कोणी विकासविरोधी म्हणून इतिहासात बसविलेले नाही.

म्हणून आमची सूचना स्पष्ट आहे. जी योजना रद्द झाली असे म्हटले जाते तिच्या रद्दबातलतेचा लेखी आदेश निघावा. जी अद्याप शिल्लक आहे तिचे अहवाल लोकांच्या भाषेत गावोगावी वाचून दाखवावेत आणि ग्रामसभेचा निर्णय बंधनकारक मानावा. मधुबनच्या विस्थापितांचा हिशेब आधी चुकता करावा. जुने देणे थकलेले असताना नवे कर्ज मागणाऱ्याला सावकारसुद्धा उभा करीत नाही, मग ज्यांनी एकदा सर्वस्व दिले त्यांनी शासनाला पुन्हा का उभे करावे?