उल्लेख मोजावेत, पण लेखही वाचावा

कात्रजच्या सर्पोद्यानात शाळेची सहल आली की एक प्रश्न हमखास विचारला जातो. मण्यार चावली तर जखम धड दिसत नाही, सूजही फारशी येत नाही. मग माणूस दगावतो कशाने? त्याचे उत्तर असे, की हे विष चेतातंतूकडून स्नायूकडे जाणारा निरोप अडवते. श्वासोच्छ्वासाचे स्नायू थांबतात आणि माणूस गुदमरतो.

हे आपल्याला कळले कसे? मण्यारीच्या जातकुळीतल्या एका सापाच्या विषातून तैवानच्या चांग आणि ली या संशोधकांनी १९६३ साली ‘बंगारोटॉक्सिन’ वेगळे केले. त्याचा एक प्रकार स्नायूवरच्या ग्राहक-रेणूला घट्ट चिकटतो. १९७० च्या सुमारास याच गुणाचा गळासारखा उपयोग करून तो ग्राहक-रेणू वेगळा काढता आला. ज्यांनी ज्यांनी हे विष वापरले त्यांनी आपल्या शोधनिबंधात त्या मूळ निबंधाचा उल्लेख केला. आधीच्या कामाची ही एक प्रकारची पोचपावतीच.

अशा उल्लेखांची सूची युजीन गारफिल्ड यांनी १९६४ मध्ये प्रसिद्ध केली आणि मोजदाद सोपी झाली. पुढे २००५ मध्ये जॉर्ज हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने ‘एच-निर्देशांक’ सुचवला. तो फळ्यावर मांडून पाहू. समजा, एका मेंदूशास्त्रज्ञाचे सहा निबंध आहेत आणि त्यांचे उल्लेख ४०, १२, ७, ५, ३ आणि ० वेळा झाले आहेत. किमान चार उल्लेख असलेले चार निबंध आहेत; किमान पाच उल्लेख असलेले पाच मात्र नाहीत. म्हणून निर्देशांक ४. आता दुसऱ्या एकाने चारच निबंध लिहिले आणि प्रत्येकाचा ५०० वेळा उल्लेख झाला, तर? त्याचाही निर्देशांक ४ च! निबंधांच्या संख्येपेक्षा हा आकडा मोठा होऊच शकत नाही.

मेंदूच्या अभ्यासात ही अडचण विशेष जाणवते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शुभा टोळे आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक निबंध २००८ मध्ये ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाला. उंदराच्या गर्भात मेंदूचे बाह्यक घडण्यासाठी ‘एलएचएक्स२’ हे जनुक आवश्यक असते. काही पेशींतून ते काढून टाकले, तर त्या पेशी शेजारच्या पेशींना स्मृतीशी निगडित असा ‘हिप्पोकँपस’ घडवायला लावतात, असे त्यांनी दाखवले. अशा कामासाठी उंदरांच्या पिढ्या वाढवाव्या लागतात, गर्भाच्या नेमक्या दिवशी मेंदूचे पातळ छेद घेऊन तपासावे लागतात. हे घाईने होणारे काम नव्हे.

उलट बाजूही पाहू. अल्झायमर रोगात स्मृती जाण्यास एक विशिष्ट प्रथिन कारणीभूत असते, असे सांगणारा एक निबंध २००६ मध्ये ‘नेचर’मध्ये आला. त्याचे दोन हजारांहून अधिक उल्लेख झाले. त्यातील चित्रांत फेरफार असल्याचे उघड झाल्यावर २०२४ मध्ये तो मागे घेण्यात आला. हजारो पोचपावत्या मिळूनही तो निबंध टिकला नाही. किती जणांनी दखल घेतली हे उल्लेखांवरून कळते. काम खरे आहे का, हे कळत नाही.

आम्हा संशोधकांच्या नेमणुका, बढत्या आणि अनुदाने अनेकदा अशा आकड्यांवर ठरतात. आकडा वाढवायचा तर एका कामाचे चार तुकडे करून चार निबंध लिहिण्याचा मोह होतो, आणि दहा वर्षे मागणारा प्रश्न हाती घ्यायला तरुण संशोधक कचरतो. सॅन फ्रान्सिस्को येथे २०१२ मध्ये तयार झालेल्या जाहीरनाम्याने म्हणूनच सांगितले, की निबंध कोणत्या नियतकालिकात आला यापेक्षा त्यात काय आहे ते पाहा.

वर्गात हे सहज करून पाहता येईल. ग्रंथालयातले प्रत्येक पुस्तक वर्षभरात किती वेळा घरी नेले गेले ते मुलांना मोजू द्या आणि एच-निर्देशांक काढू द्या. मग एकदाही कोणी न नेलेले एक पुस्तक सर्वांना वाचून दाखवा. निर्देशांकातून काय सुटले, ते मुलेच सांगतील.