जैवविविधता कायदा : केंद्राचा अधिकार आणि आपले कर्तव्य

औषधनिर्मिती करणारे अनेक वैद्यबंधू आम्हांस एक प्रश्न वारंवार विचारतात. सार्वजनिक आरोग्य, शेती व पाणी हे विषय राज्यसूचीत असताना वनौषधींविषयी केंद्राने केलेला कायदा आपणांस बंधनकारक कसा? या शंकेचे निरसन राज्यघटनेतच आहे.

मूळ घटनेत ‘पर्यावरण’ हा स्वतंत्र विषय कोणत्याही सूचीत नव्हता. वने व वन्यप्राणी हे विषय राज्यांकडे होते. म्हणून १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि १९७४ चा जलप्रदूषण कायदा करताना संसदेला अनुच्छेद २५२ अन्वये राज्यांच्या विधिमंडळांचे ठराव घ्यावे लागले. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने वने व वन्यप्राणी हे विषय समवर्ती सूचीत आले. त्याच दुरुस्तीने अनुच्छेद ४८-अ आणि ५१-अ (छ) अन्वये पर्यावरणरक्षण हे अनुक्रमे शासनाचे व नागरिकांचे कर्तव्य ठरले.

तथापि खरा आधार अनुच्छेद २५३ चा आहे. आंतरराष्ट्रीय करार अथवा परिषदेतील निर्णय अमलात आणण्यासाठी संसद राज्यसूचीतील विषयावरही कायदा करू शकते. स्टॉकहोम येथील १९७२ च्या परिषदेस अनुसरून १९८६ चा पर्यावरण (संरक्षण) कायदा झाला. १९९२ च्या जैवविविधता कराराच्या पूर्तीसाठी २००२ चा जैवविविधता कायदा झाला.

हा भेद केवळ तात्त्विक नव्हे. दिव्य फार्मसी प्रकरणी २०१८ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने आंतरराष्ट्रीय करारांच्या प्रकाशातच या कायद्याचा अर्थ लावला आणि भारतीय उत्पादकांनाही लाभांश-वाटणी लागू असल्याचा निर्णय दिला.

पुढे २०२३ ची दुरुस्ती झाली व ती १ एप्रिल २०२४ पासून अमलात आली. उपजीविकेसाठी चिकित्सा करणारे वैद्य व नोंदणीकृत आयुष चिकित्सक, ग्रंथोक्त पारंपरिक ज्ञान आणि लागवडीच्या औषधी वनस्पती यांना राज्य जैवविविधता मंडळास पूर्वसूचना देण्यापासून सूट मिळाली. मात्र लागवडीच्या मालासाठी जैवविविधता व्यवस्थापन समितीचे उत्पत्ती-प्रमाणपत्र आवश्यक आहे.

सबब फार्मसीधारकांनी गुळवेल, अशोकसाल आदी द्रव्ये खरेदी करताना माल रानातील की लागवडीचा, याची नोंद व कागदपत्रे अवश्य जपावीत. रान उजाड झाले, तर उत्तम पाठ असूनही द्रव्य मिळणार नाही. कायद्याचा हेतू आणि आपले हित येथे एकच आहे, असे आम्हांस वाटते.