मिश्र पिकाचे ताट

दख्खनच्या पठारावर ज्वारी सहसा एकटी पेरली जात नसे. विदर्भ-मराठवाड्यातील खरिपात ज्वारीच्या काही ओळींनंतर तुरीची एक ओळ, मधून मूग, उडीद, चवळी आणि शेताच्या कडेने अंबाडी. सोलापूर-बीडकडील रब्बीत ज्वारीसोबत हरभरा आणि करडई, त्यातही गुरे आत शिरू नयेत म्हणून काटेरी करडई मुद्दाम बांधालगत, अशी ही पेरणी असे. तिफणीच्या चाड्यात मूठ सोडणाऱ्या बाईला कोणत्या तासाला कोणते बी सोडायचे याचे गणित पाठ असे, कारण त्या एका वावरातून घरातल्या माणसांसाठी धान्य, डाळ, तेल आणि भाजी, गुरांसाठी कडबा आणि दोरांसाठी अंबाडीचा वाख इतके सगळे यायचे होते. मागास शेतीची खूण म्हणून या पद्धतीकडे बराच काळ पाहिले गेले. पण माणसाचे आरोग्य, त्याचे अन्न आणि त्याची जमीन यांचा परस्परसंबंध समजून घ्यायचा असेल तर याच वावरापासून सुरुवात करणे योग्य ठरते.

शरीरातील प्रथिने ही अमिनो आम्ले नावाच्या लहान घटकांची बनलेली असतात आणि त्यांपैकी काही शरीराला स्वतः तयार करता येत नसल्यामुळे ती अन्नातूनच मिळवावी लागतात. ज्वारीत, बहुतेक तृणधान्यांप्रमाणे, लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते. उलट तुरीच्या डाळीत लायसिन भरपूर, पण मेथिओनिन कमी असते, आणि ते ज्वारी पुरवू शकते. म्हणजे भाकरी आणि वरण एकाच जेवणात आले की एकाची उणीव दुसरे भरून काढते व शरीराला मिळणारे प्रथिन दोघांच्या वेगवेगळ्या सेवनापेक्षा उजवे ठरते. ही जोडी स्वयंपाकघरात जमण्याआधी शेतात जमलेली होती, आणि तेथेही ती एकमेकींची उणीव भरूनच काढत होती.

तुरीच्या मुळांवरील गाठींत रायझोबियम जातीचे जिवाणू राहतात व हवेतील नत्र वनस्पतीला वापरता येईल अशा रूपात बांधतात, हे शाळेच्या पुस्तकातही असते. त्याहून कमी परिचित असलेली गोष्ट स्फुरदाची, म्हणजे फॉस्फरसची आहे. हैदराबादजवळील पाटणचेरू येथे 1972 साली स्थापन झालेल्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेत काम करणाऱ्या शास्त्रज्ञांनी 1990 साली असे दाखवून दिले की, लाल जमिनीत लोहाशी घट्ट बांधलेला आणि इतर पिकांना सहजी न मिळणारा स्फुरद तूर आपल्या मुळांतून स्रवणाऱ्या आम्लांच्या साहाय्याने मोकळा करते. तुरीचा झडलेला पाला आणि कुजलेली मुळे यांच्यामार्फत त्या स्फुरदाचा काही भाग पुढच्या पिकाला मिळू शकतो. शिवाय दोन्ही पिकांच्या भुकेच्या वेळा वेगळ्या असतात. ज्वारी झपाट्याने वाढते व साधारण साडेतीन महिन्यांत निघून जाते. तूर सुरुवातीला तिच्या सावलीत रेंगाळते आणि ज्वारी कापल्यावर मिळालेल्या उन्हात व खोल मुळांनी शोधलेल्या ओलीवर पुढचे दोन-तीन महिने पसरते. त्यामुळे ज्वारीचे उत्पन्न सलग पिकाच्या मानाने फारसे घटत नाही आणि तुरीचे निम्म्याहून अधिक उत्पन्न जवळजवळ वरकड मिळते.

याच संस्थेतील संशोधकांनी 1980 साली ज्वारी-तुरीच्या 94 प्रयोगांची आकडेवारी एकत्र करून आणखी एक हिशेब मांडला होता, आणि कोरडवाहू शेतकऱ्याच्या दृष्टीने तो बहुधा सर्वांत महत्त्वाचा आहे. उत्पन्न एका ठरावीक पातळीखाली जाणे म्हणजे पीक बुडणे असे धरले, तर सलग तूर पाच वर्षांतून एकदा, सलग ज्वारी आठ वर्षांतून एकदा आणि दोन्हींचे मिश्र पीक मात्र छत्तीस वर्षांतून एकदाच बुडते. पोषणाचा विचार करताना माणसाने चांगल्या वर्षी काय खाल्ले यापेक्षा वाईट वर्षी त्याच्या घरात काय उरले होते हा प्रश्न अधिक निर्णायक असतो, विशेषतः त्या वर्षी घरात गरोदर स्त्री किंवा दूध तुटलेले मूल असेल तर.

येथे ज्वारीविषयी एक कटू गोष्टही सांगितली पाहिजे. दख्खनमधील ज्या गरीब कुटुंबांच्या पोटात ज्वारीखेरीज दुसरे काही जात नसे, त्यांच्यात पेलाग्रा हा रोग आढळत असे. ऊन लागणाऱ्या भागांवरची कातडी काळवंडून सोलवटणे, जुलाब होणे आणि पुढे मनाचा तोल ढळणे ही त्याची लक्षणे. निकोटिनिक आम्ल, म्हणजे नायसिन या जीवनसत्त्वाचा अभाव हे त्याचे कारण. हा रोग जगभर मका खाणाऱ्यांचा म्हणून ओळखला जाई, पण हैदराबाद येथील पोषण संशोधन संस्थेतील सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया यांनी 1960 साली ज्वारी खाणाऱ्यांमधील पेलाग्राकडे लक्ष वेधले व ज्वारीतील ल्युसिन या अमिनो आम्लाच्या आधिक्याशी त्याचा संबंध असावा असे मांडले. या कारणमीमांसेवर पुढे शास्त्रज्ञांत मतभेद झाले. परंतु डाळी, शेंगदाणे, दूध किंवा मांस यांची जोड मिळालेल्या जेवणात हा रोग टिकत नाही याविषयी मतभेद नाहीत. आज शहरांतील दुकानांत ज्वारीला चमत्कारी धान्य म्हणून जे स्थान मिळाले आहे, त्यामागे तिच्यातील तंतुमय पदार्थ व सावकाश पचणारा पिष्टभाग हे खरे गुण आहेतच, पण ज्वारी एकटीने कोणालाही निरोगी ठेवू शकलेली नाही. तिचा गुण तिच्या सोबतींमध्ये होता.

जमिनीतील खनिजांचा माणसाच्या शरीराशी असलेला संबंध विज्ञानाला तसा उशिरा कळला. भारतात जन्मलेले डॉक्टर आनंद प्रसाद यांना इराणमधील शिराझ येथे वाढ खुंटलेले आणि वयात न आलेले तरुण आढळले. त्यांचा आहार मुख्यतः बिनआंबवलेल्या गव्हाच्या रोटीचा होता आणि त्यांना माती खाण्याची सवय होती. 1961 साली त्यांनी या रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध केले आणि त्यानंतरच्या कामातून माणसाला जस्ताची, म्हणजे झिंकची, गरज असते हे सिद्ध झाले. धान्याच्या कोंड्यातील फायटिक आम्ल जस्त व लोह यांना धरून ठेवते आणि आतड्यांतून रक्तात जाऊ देत नाही. त्यात जमीनच चुनखडीची असेल तर जस्त मुळात पिकाच्या मुळांपर्यंतच नीट पोहोचत नाही. फिनलंडमध्ये याच्या उलट दिशेने पुरावा मिळाला. तेथील जमिनीत सेलेनियम हे सूक्ष्म द्रव्य पिकांना फार थोडे मिळते. सरकारच्या निर्णयानुसार 1984 पासून रासायनिक खतांत सेलेनियम मिसळले जाऊ लागले आणि थोड्याच वर्षांत तेथील लोकांच्या रक्तातील त्याचे प्रमाण स्पष्टपणे वाढलेले दिसले. जमिनीत टाकलेली वस्तू गवत, गाय, दूध आणि भाकरी या वाटेने माणसाच्या रक्तात उतरते याचे इतके सरळ उदाहरण क्वचितच सापडेल.

महाराष्ट्रातील काळ्या जमिनी बहुतांशी चुनखडीयुक्त आहेत आणि जस्त व लोह यांची पिकांना जाणवणारी कमतरता ही येथील जुनी तक्रार आहे. 2015 पासून शेतकऱ्यांना मिळू लागलेल्या मृद आरोग्य पत्रिकेत ज्या बारा गोष्टींची नोंद असते त्यांत ही दोन्ही द्रव्ये आहेत, आणि तुटवडा दिसल्यास झिंक सल्फेट टाकण्याची शिफारस होते. तो उपाय चुकीचा नाही. तरीही जस्ताची पोती जमिनीत रिती करणे आणि ते जस्त मुळांना मिळणे यांमध्ये जमिनीतील जीवसृष्टी उभी असते. मायकोरायझा नावाची बुरशी पिकाच्या मुळांशी संधान बांधून आपले धागे दूरवर पसरते आणि मुळांच्या आवाक्याबाहेरचे स्फुरद व जस्त त्यांना आणून देते. स्फुरदाची खते प्रमाणाबाहेर दिली की पीक या बुरशीशी असलेला व्यवहार कमी करते, आणि सेंद्रिय कर्ब घटला, म्हणजे कुजलेल्या पालापाचोळ्याचा व शेणाचा अंश जमिनीतून नाहीसा झाला, की एकूण सूक्ष्म जीवांचेच अन्न तुटते. स्वयंपाकघराने आपल्या परीने दुसरे टोक सांभाळले होते. ज्वारीचे पीठ ताकात रात्रभर आंबवून केलेली आंबील, मोड आणलेली मटकी, पालेभाजीवर पिळलेले लिंबू या सगळ्यांमुळे फायटिक आम्लाची पकड सैल होते किंवा लोह शोषले जाण्यास मदत होते.

या साऱ्या व्यवस्थेतील ज्या भागाची नोंद कोणत्याही सरकारी पत्रकात झाली नाही तो भाग खुरपणीचा. पावसाळ्यात ज्वारी गुडघ्याइतकी झाली की बायका ओळीने बसून खुरपत पुढे सरकत आणि उपटलेल्या तणातून तांदुळजा, पाथरी, घोळ, चिवळ, कुंजीर वेगळी काढून ओट्यात टाकत. संध्याकाळी घरी परतताना मजुरीबरोबर भाजीही घरी येई. पाथरीची कोवळी पाने कच्ची, मीठ आणि तेल लावून, भाकरीशी खाल्ली जात. घोळीत डाळ पडे. तांदुळजा लसणाच्या फोडणीत परतला जाई. पिकाच्या दृष्टीने हे तण, पण ज्या घरात भाजी विकत आणण्याची ऐपत नव्हती त्या घरातल्या बाईच्या अन्नातील लोह, कॅल्शियम आणि अ जीवनसत्त्वाचा मोठा वाटा यातूनच येत असे. तणनाशकाची एक फवारणी ही सगळी भाजी एका आठवड्यात पिवळी पाडते. खुरपणीची मजुरी परवडत नाही ही शेतकऱ्याची अडचण खरी आहे, आणि वाकून वाकून पाठ मोडणाऱ्या त्या कामाचा गौरव करण्याचेही कारण नाही. पण फवारणीने वाचलेल्या पैशांचा हिशेब मांडताना गमावलेल्या भाजीचा आकडा कोणीच धरला नाही, कारण ती भाजी बाजारात कधी विकली गेली नव्हती आणि ती खाणाऱ्या बायका हिशेब मांडणाऱ्यांत नव्हत्या.

हे वावर कसे मोडले याची कारणे अनेक आहेत. 1964 साली आलेल्या सीएसएच-1 या संकरित वाणाने आणि त्याच्या पाठोपाठ आलेल्या वाणांनी खरीप ज्वारीचे धान्य वाढवले, पण ताट बुटके असल्याने कडबा घटला, आणि लवकर पक्व होणारे कणीस परतीच्या पावसात सापडून दाणे काळे पडू लागले, तसा बाजारभावही पडला. रेशनवर गहू आणि तांदूळ स्वस्तात मिळू लागले; भरड धान्ये एक रुपया किलोने देण्याची तरतूद 2013 च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यात असली तरी रेशनच्या पिशवीत प्रामुख्याने गहू-तांदूळच राहिले. 1990 नंतर सोयाबीनने खरिपाचा ताबा घेतला. महाराष्ट्रात 1980 च्या दशकाच्या सुरुवातीस साठ लाख हेक्टरांहून अधिक असलेले ज्वारीचे क्षेत्र आज वीस लाख हेक्टरांच्याही खाली आले आहे, तर सोयाबीन चाळीस लाख हेक्टरांपलीकडे गेले आहे. सोयाबीन हेही शेंगवर्गीय पीक आहे, अनेक शेतकरी त्यात आजही तुरीच्या ओळी घेतात, आणि त्याच्या पैशाने घरे उभी राहिली व मुले शिकली हे नाकारणे अन्यायाचे होईल. मात्र ते शेतातून तेल गिरणीत जाते आणि त्याची पेंड कोंबड्यांच्या खाद्यात. पिकवणाऱ्याच्या ताटात ते येत नाही, आणि त्याचे कुटार कडब्याची जागा घेऊ शकत नाही. कडबा कमी झाला तशी दावणीची जनावरे कमी झाली, जनावरांबरोबर शेणखत गेले आणि मुलांच्या तोंडचे दूधही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 मधील पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील 15 ते 49 वयोगटातल्या 54.2 टक्के स्त्रिया आणि पाच वर्षांखालील 68.9 टक्के बालके रक्तक्षयग्रस्त आढळली, आणि दोन्ही आकडे आधीच्या फेरीपेक्षा वाढलेले होते. रक्तक्षयाला जंत, हिवताप, लागोपाठची बाळंतपणे अशी इतरही कारणे असतात, त्यामुळे सगळा दोष पीकबदलावर टाकता येणार नाही. परंतु लोहाच्या गोळ्या वाटणारा आरोग्य विभाग, जमिनीतील लोह मोजणारा कृषी विभाग आणि धान्य वाटणारा पुरवठा विभाग हे एकाच घराकडे तीन वेगवेगळ्या दारांतून पाहतात, आणि त्या घराने शेतात काय पेरले हा प्रश्न तिघांपैकी कोणाच्याही नोंदवहीत पोषणाचा प्रश्न म्हणून येत नाही. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा मृत्यू झाला, तेव्हा शेतीची पद्धत हा आरोग्याचा विषय आहे हे काही आठवडे सर्वांना दिसले. सावकाश होणारी झीज तशी दिसत नाही.

संयुक्त राष्ट्रांनी 2023 हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून पाळले आणि ज्वारीला पुन्हा प्रतिष्ठा मिळाली, ही आनंदाची गोष्ट आहे. पण ती प्रतिष्ठा बिस्किटांच्या आणि तयार पिठाच्या रूपाने शहराकडे वळली, तर वाढलेली मागणी सलग ज्वारीनेच भागवली जाईल, आणि तूर, करडई, अंबाडी, पाथरी यांच्यासह वावर परत येईलच असे नाही. ते यायचे असेल तर अडचण ज्ञानाची नसून कामाची आहे. तुरीला इजा न करता ज्वारी कापणारे, लहान शेतकऱ्याला भाड्याने परवडेल असे यंत्र सहज मिळत नाही. ज्वारीत चालणारे अ‍ॅट्राझिनसारखे तणनाशक तुरीला मारते. आणि रब्बीची उंच मालदांडी अजूनही बहुतेक ठिकाणी उन्हात उभे राहून हाताने उपटावी लागते, पेंढ्या बांधाव्या लागतात, कणसे खुडावी लागतात. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळाले तरी हे काम हलके झालेले नाही. शालेय पोषण आहारासाठी आणि अंगणवाड्यांसाठी त्याच तालुक्यातील ज्वारी, तूर आणि करडईचे तेल एकत्रित खरेदी करण्याची पक्की हमी मिळाली, तर मिश्र पेरणी करणाऱ्याला त्या मजुरीचा खर्च भरून काढता येईल, आणि काढणीच्या यंत्रावर संशोधन करणाऱ्या विद्यापीठांनाही कोणासाठी काम करायचे ते कळेल.