रणगाड्यालाही वाफसा लागतो

आठ दिवसांच्या झडीनंतर ऊन पडले की लोहाऱ्याच्या शिवारात पहिला प्रश्न एकच असतो: वाफसा झाला का? यवतमाळ शहराला लागून असलेल्या या भागातल्या काळ्या मातीत वाफशाआधी ट्रॅक्टर घातला, तर चाक जागीच फिरते, माती कोरत खाली जाते आणि तो ओढून काढायला दुसरा ट्रॅक्टर बोलवावा लागतो. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याला याच प्रश्नाने घाम फोडला होता. रणगाडा म्हटले की आपल्याला तोफ आणि पोलाद आठवते. त्याचे मूळ शास्त्र मात्र पट्ट्याखाली आहे. अवजड यंत्र मऊ मातीवरून न रुतता कसे न्यायचे, हे ते शास्त्र.

त्याचे गणित सोपे आहे. वजनाला जमिनीवर टेकलेल्या क्षेत्रफळाने भागले की दाब मिळतो. ६० किलो वजनाचा माणूस चालताना एका पावलावर, म्हणजे साधारण दीडशे चौरस सेंटिमीटरवर उभा असतो. दर चौरस सेंटिमीटरला दाब येतो ०.४ किलो. बैलाचे वजन जास्त आणि खूर लहान, त्यामुळे त्याच्या खुराखाली हा दाब एक किलोच्या वर जातो. आता ब्रिटिश बनावटीचा ‘सेंच्युरियन’ रणगाडा घ्या. वजन सुमारे ५१ टन. पण त्याचे दोन्ही पट्टे प्रत्येकी ६१ सेंटिमीटर रुंद आहेत आणि साडेचार मीटरच्या आसपास लांबी जमिनीला टेकलेली असते. भागाकार केला की दाब येतो सुमारे ०.९ किलो. म्हणजे मातीच्या वरच्या थराला ५१ टनांचा रणगाडा चालत्या बैलाहून जड वाटत नाही.

ही युक्ती मुळात शेतातली. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात स्टॉकटनजवळच्या भुसभुशीत जमिनीत वाफेचे ट्रॅक्टर रुतत. बेंजामिन होल्ट यांनी आधी चाके रुंद करून पाहिली आणि १९०४ मध्ये चाकांऐवजी लाकडी फळ्यांचा फिरता पट्टा लावला. महायुद्धात ब्रिटिशांनी होल्टचे ट्रॅक्टर तोफा ओढायला वापरले. ते पाहून अर्नेस्ट स्विंटन या अधिकाऱ्याला सुचले, की असेच यंत्र पोलादाने मढवले तर ते खंदक आणि काटेरी तारा ओलांडून जाईल. यंत्र घडवण्याचे काम गेले लिंकन गावच्या फॉस्टर कंपनीकडे. हा कारखानाही मळणीयंत्रे बनवणारा. अमेरिकेतून आणलेले पट्टे खंदकावर सैल पडून निसटू लागले, तेव्हा विल्यम ट्रिटन आणि वॉल्टर विल्सन यांनी १९१५ च्या सप्टेंबरात स्वतःचा पोलादी पट्टा तयार केला. गुप्ततेसाठी या यंत्राला पाण्याची टाकी, म्हणजे ‘टँक’, म्हटले गेले आणि तेच नाव कायम राहिले. १५ सप्टेंबर १९१६ रोजी फ्रान्समध्ये सोमच्या रणभूमीवर रणगाडे प्रथम लढाईत उतरले.

पट्टा असला म्हणजे कुठेही जाता येते, हा भ्रम पुढच्याच वर्षी फिटला. १९१७ च्या पावसाळी ऑगस्टात बेल्जियममधील ईप्र शहराजवळ रणगाडे चिकणमातीत घातले गेले. तोफांच्या भडिमाराने तिथले पाण्याचे चर आणि नाले आधीच उद्ध्वस्त झाले होते, त्यामुळे पाणी निचरायला वाट उरली नव्हती. रणगाडे पोटापर्यंत रुतले आणि शत्रूच्या तोफांचे सोपे लक्ष्य ठरले. तीन महिन्यांनी, २० नोव्हेंबरला, फ्रान्समधील कांब्रे येथे चारशेहून अधिक रणगाडे एकदम सोडण्यात आले. तिथली जमीन चुनखडीची, निचऱ्याची आणि पूर्वीच्या भडिमारापासून वाचलेली होती. रुंद खंदक भरायला रणगाड्यांवर झाडाच्या फांद्यांच्या मोठाल्या मोळ्या बांधल्या होत्या. त्या दिवशी रणगाडे काही तासांत कित्येक किलोमीटर आत गेले. दोन्हीकडे यंत्र जवळपास सारखेच होते, फरक मातीत होता.

माती वजन पेलते ती कणांच्या एकमेकांवरच्या घर्षणामुळे. पोकळ्यांमध्ये थोडे पाणी, थोडी हवा असते तोवर कण एकमेकांना धरून राहतात. पोकळ्या पाण्याने गच्च भरल्या की वरचा भार कणांऐवजी पाण्यावर येतो, घर्षण सुटते आणि माती सरकते. आपल्या काळ्या मातीत फुगणारी चिकणमाती जास्त. ती पाणी धरून ठेवते, म्हणून हलक्या जमिनीपेक्षा तिथे वाफसा उशिरा होतो.

भारतीय सैन्याने हे शास्त्र १९६५ मध्ये शस्त्रासारखे वापरले. पंजाबात खेमकरणजवळ असल उत्तर इथे कालव्याचे पाणी शेतांत सोडले गेले आणि उसाच्या आड आपले रणगाडे दबा धरून बसले. पाकिस्तानचे अमेरिकी ‘पॅटन’ रणगाडे नवे होते आणि त्यांच्या पट्ट्याखालचा दाबही सेंच्युरियनपेक्षा जास्त नव्हता. तरी ओल्या वावरात शिरताच ते मंदावले, अनेक फसले आणि टिपले गेले. तिथे ‘डेक्कन हॉर्स’ या रेजिमेंटचे नेतृत्व लेफ्टनंट कर्नल अरुणकुमार वैद्य करत होते. त्यांना महावीर चक्र मिळाले. १९७१ मध्ये शकरगढ भागात चिलखती ब्रिगेड घेऊन ते सुरुंगक्षेत्रे आणि बसंतर नदीचे पात्र ओलांडून गेले आणि दुसऱ्यांदा महावीर चक्राचे मानकरी ठरले. त्याच ब्रिगेडमधल्या ‘पूना हॉर्स’च्या सेंच्युरियनमध्ये पुण्यात जन्मलेले २१ वर्षांचे अरुण खेतरपाल शहीद झाले. वैद्य १९८३ मध्ये लष्करप्रमुख झाले. सेंच्युरियन आणि पॅटन आज अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात पाहायला मिळतात. तिथे गेलात तर तोफेआधी पट्ट्यांची रुंदी पाहा.

आता आपल्या वावराकडे येऊ. रुंद पट्टा किंवा रुंद टायर दाब वाटून देतो, पण त्याने मातीचा वरचा थर वाचतो. खोलवर किती दाब पोहोचतो, हे मुख्यतः एकूण वजनावर ठरते. दीड-दोन फूट खाली मातीला टायरची रुंदी फारशी कळत नाही, तिला टन कळतात. सोयाबीनने भरलेली ट्रॉली ओल्या रानातून ओढली की नांगराच्या खाली माती दबून तिचा घट्ट थर तयार होतो. वरून रान भुसभुशीत दिसते. पण कपाशीचे सोटमूळ त्या थराशी अडून आडवे वळते, पाऊस झाला की पाणी वर साचून मुळांचा श्वास कोंडतो आणि उघडीप लांबली की खालची ओल पिकाला मिळत नाही. खत वाढवून हे नुकसान भरून निघत नाही.

उपाय फार खर्चाचे नाहीत. ट्रॉली बांधावर उभी करावी आणि माल तिथपर्यंत आणावा. ट्रॅक्टर शक्यतो ठरलेल्या वाटेनेच फिरवावा, कारण सर्वाधिक नुकसान पहिल्या फेरीतच होते. रस्त्यावर टायरमध्ये असते तेवढी हवा वावरात लागत नाही, ती कंपनीने दिलेल्या तक्त्याप्रमाणे कमी करावी. घट्ट थर आहे का, हे पाऊस मुरल्यावर लोखंडी सळई मातीत दाबून कळते. सळई सहज जाता जाता एकाच खोलीवर जागोजागी अडू लागली, तर थर झाला असे समजावे.

आणि वाफसा पाहायला यंत्र लागत नाही. चार बोटे खालची मूठभर माती घेऊन गोळा करावा आणि कमरेच्या उंचीवरून सोडावा. फुटून विखुरला तर ट्रॅक्टर घालावा. नुसता चपटा झाला तर दोन दिवस थांबावे.